खडूच्या बाहेरचं ते माझं

मास्तरांना 'साधारण' हा शब्द चालत नसे. दुकानात येऊन कुणी म्हणालं, "कंबर साधारण बत्तीस धरा," की ते गळ्यातला टेप काढून काउंटरवर ठेवत आणि म्हणत, "साधारण माणसाला पाठवून द्या, त्याची पँट शिवतो. तुमची हवी असेल तर हात वर करा." गिऱ्हाईक हसे. ते हसत नसत. हात वर होईपर्यंत थांबत.

म्हैसूरमध्ये मी दोन वर्षं आणि काही महिने राहिले. बोगादीत त्यांच्या घराच्या माडीवर एक खोली होती, तिच्यात. खाली रस्त्याच्या बाजूला त्यांचं शिवणकामाचं दुकान, मागे घर. लोक त्यांना मास्तर म्हणत, म्हणून मीही मास्तरच म्हणत असे. वय सत्तरीच्या अलीकडे, अंगानं काटकुळे, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि गळ्यात टेप. तो टेप देवळातही गळ्यात असे. एकादशीच्या भजनाला विठ्ठलाच्या देवळात बसले तरी असे. एकदा काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, तो ओढून काढायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "राहू दे. त्यालाही ठाऊक आहे मी कोण ते." त्याला म्हणजे विठ्ठलाला.

त्यांचे पणजोबा की त्यांच्याही आधीचे कुणी मराठी मुलखातून इकडे आले. घरात मराठीच बोलत, पण ती मराठी मी सोलापुरात कधी ऐकली नव्हती. दर दोन वाक्यांमागे 'मत्ते' यायचं, म्हणजे 'मग', 'सुम्ने' यायचं, म्हणजे 'उगीच', आणि रागाच्या वेळी तर अख्खी कन्नडच यायची. भजनाची वही होती, तिच्यात अभंग मराठी, लिपी कन्नड. मी ती वही हातात घेतली आणि मला एक अक्षर वाचता आलं नाही. मास्तरांना त्याचा फार आनंद झाला. "बघ," काकूंना म्हणाले, "शिकलेली पोरगी, सोलापूरची, आणि तिला मराठी वाचता येत नाही!"

मी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात तपासणी विभागात होते. पहिली पाळी, अडीचला सुटका. माझे बाबा गिरणीतल्या संघटनेचे. आमच्या घरी पाहुण्यांना बसायला पत्रकांचे गठ्ठे बाजूला करावे लागत. मी अक्षरं ओळखायला शिकले ती 'बंधूंनो आणि भगिनींनो' या शब्दांवर. अन्याय दिसला की आधी आवाज चढवायचा, मग कागद काढायचा, आणि कागद छापून होईपर्यंत आवाज उतरू द्यायचा नाही, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते घरच्या हवेतच होतं. मास्तरांकडे राहायला गेले तेव्हा मला वाटलं, हा शांत म्हातारा आहे, सोसून घेणारा. माणूस ओळखण्यात इतकी मोठी चूक मी पुन्हा केलेली नाही.

ते वेळ देत ती घड्याळाची. 'उद्या या' हे शिंप्याचं वाक्य त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. गुरुवारी पाच वाजता म्हणजे गुरुवारी पाच वाजता. कुणी साडेचारला आलं तर कपडा तयार असूनही त्याला बाकावर बसवून ठेवत. "पाच म्हटलंय ना? मत्ते? बसा." आणि कुणी शुक्रवारी उगवलं तर चष्म्यावरून बघत विचारत, "काल तब्येत बरी नव्हती का?"

कागद आला की पूर्ण वाचत. बसच्या तिकिटाची मागची बाजूही वाचत. बँकेत एकदा मी बरोबर होते. फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत जे छापलेलं असतं ते त्यांनी माझ्याकडून एकेक ओळ वाचून घेतलं, अर्थ विचारला, आणि मागची रांग दारापर्यंत गेली. कुणीतरी ओरडलं. मास्तर वळून त्याला कन्नडमध्ये म्हणाले, "मी न वाचता सही केली तर तुमचा नंबर लवकर येईल. तुमची सही मी करू का? मग तर अजून लवकर येईल."

दसऱ्यात बन्नीमंटपाला मशालींची कवायत बघायला आम्ही तिघं गेलो. सगळं मैदान मशालींकडे बघत होतं. मास्तर बँडवाल्यांच्या पाठी बघत होते. "तिसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा," मला कोपर मारून म्हणाले, "त्याच्या कोटाचा खांदा उतरलाय. कुणी शिवलाय कोण जाणे. बिचारा वाजवतोय चांगलं."

पण ज्या सवयीमुळे त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं ती वेगळी. कुणी कपडा आणला, शिवायला असो की दुरुस्तीला, मास्तर तो आधी दाराशी न्यायचे, उजेडात पसरायचे आणि बोटांनी चाचपायचे. कुठे डाग, कुठे कसर लागलेली, कुठे विणीत गाठ. जे सापडेल त्याभोवती खडूनं गोल. मग गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तुम्ही बघा. अजून काही आहे? नीट बघा." गिऱ्हाइकानं मान हलवली की कपडा आत. त्यांचं एकच वाक्य होतं: "खडूच्या आतलं तुमचं, खडूच्या बाहेरचं माझं." म्हणजे कपडा ताब्यात घेतल्यानंतर, खडू न लागलेल्या जागी जे काही सापडेल, त्याला जबाबदार ते.

हे नुसतं बोलणं नव्हतं. एका शिक्षिकाबाईंची रेशमी साडी फॉल लावायला आली होती. देताना पदराजवळ एक लहानसा जळका ठिपका दिसला, उदबत्तीचा असावा तसा. बाईंनाच आधी वाटलं, घरी पूजेत झाला असेल. काकू तर शपथेवर सांगत होत्या की साडी आली तेव्हाच तो होता, त्यांनी घडी उलगडताना पाहिला होता.

"तू पाहिलास, मग खडू का नाही लावलास?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही होता की दाराशी! तुम्ही लावायचा!"

"हौदु, बरोबर. मी लावायचा. लावला नाही. मत्ते माझा."

बाई नको नको म्हणत असताना त्यांनी पेठेत माणूस गाठून तो ठिपका रफू करून घेतला, इतका बारीक की मला दाखवल्यावरही सापडला नाही. काकू दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मीही मनात म्हटलं, हा भोळेपणा आहे. जग असल्या माणसांना पिळून घेतं. पत्रकात लिहितात ना, तसंच म्हटलं.

मग फोनचं प्रकरण झालं.

फोन त्यांच्या मुलीनं हुबळीहून पाठवला होता. मास्तरांनी त्याला अस्तर लावून एक पिशवी शिवली होती, वर झाकण, झाकणाला हाताचं काज आणि शर्टाचं बटण. फोन वाजला की बटण काढेपर्यंत वाजणं थांबे. मग ते स्वतः परत फोन करत आणि पहिलं वाक्य म्हणत, "बटण काढत होतो." सहा महिन्यांत तो फोन बिघडला. चार्जिंगला लावला की बंद पडायचा. हमी वर्षाची होती, म्हणून आम्ही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मी गेले ते इंग्रजी कागद वाचायला.

काउंटरवर एक मुलगी होती, वीस-बावीसची, गळ्यात कार्ड, केसांत मोगरा. तिनं फोन घेतला तशी मास्तर म्हणाले, "थांब." फोन परत घेतला, काचेच्या दाराशी उजेडात नेला, उलटापालटा केला, आणि खिशातून शिंप्याचा खडू काढून खालच्या कोपऱ्यातल्या ओरखड्याभोवती गोल काढला.

"ताता," ती मुलगी हसू दाबत म्हणाली, "इदु बट्टे अल्ला!" आजोबा, हा कपडा नाही.

"कपडा नाही म्हणूनच सांगतोय. कपड्याचं मला कळतं. याचं तुला कळतं. बघ, अजून काही आहे?"

तिला काय वाटलं कोण जाणे, पण तिनं खरंच बघितलं. पाण्यात पडला होता का विचारलं. मास्तर नाही म्हणाले. तिनं सिमकार्डाचा कप्पा बाहेर ओढला, आत टॉर्च मारला आणि दाखवलं: आत कागदाची बारीक पट्टी असते, पांढरी. आत ओल गेली की ती लाल होते. ही पांढरी आहे.

"मग लिही तसं."

"ताता, त्याला रकाना नाही."

"बाजूला जागा आहे की. समासात लिही. दोन्ही कागदांवर. माझ्या आणि तुमच्या."

तिनं पेनानं लिहिलं, पट्टी पांढरी, आणि खाली सही केली. मास्तरांनी तो कागद चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवला. बाहेर आल्यावर म्हणाले, "या मुलीला काम येतं." त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नव्हती. माझ्याबद्दल तसं ते कधीच म्हणाले नाहीत.

आठ दिवसांनी बोलावणं आलं. या वेळी काउंटरवर मॅनेजर होता. चाळिशीचा, नीटनेटका, बोलायला मऊ. मागे ती मुलगी फायली लावत उभी होती. मॅनेजरनं संगणकावर फोटो दाखवला: पट्टी लाल. फोनमध्ये पाणी गेलंय, त्यामुळे हमी संपली, आतला एक भाग बदललाय, त्याचे साडेतीन हजार झाले. इथे सही करा आणि फोन घेऊन जा.

मास्तर कागद घेऊन खुर्चीत बसले. मी वाचून दाखवत होते. मधे एक ओळ होती: ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे उपकरणात द्रवपदार्थ गेला आहे, हे ग्राहकास मान्य आहे.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचली. मास्तर उठले. "पैसे किती म्हणालात? देतो. भाग घातलाय तर त्याचे पैसे द्यायलाच हवेत. ही ओळ काढा."

"यजमान्रे," मॅनेजर आदरानं म्हणाला, "ती काढता येत नाही. छापूनच येते."

"मग हातानं काट मारा. मी निष्काळजी नाही."

मॅनेजर हसला. सगळेच असं म्हणतात, असं काहीतरी पुटपुटला. आणि मी पेटले. ग्राहक मंच, कायदा, लूट, कंपन्या, म्हाताऱ्या माणसाला फसवता, सगळं एका दमात बाहेर आलं. अर्धं हिंदीत, अर्धं इंग्रजीत, आणि जे दोन कन्नड शब्द मला येत होते तेही. दुकानातले लोक वळून बघू लागले. मी मास्तरांच्या खिशाकडे बोट केलं. कागद काढा, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

"सुम्ने इरु," मास्तर मला म्हणाले. गप्प बस. आवाज बारीक, पण तसा मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग मॅनेजरला म्हणाले, "सोमवारी येतो."

बाहेर फूटपाथवर मी त्यांना थांबवलं. "मास्तर, कागद तुमच्या खिशात होता! तिनं लिहिलंय, पट्टी पांढरी! पुरावा खिशात ठेवून कोणी हरतं का?"

"तू त्या मुलीचं तोंड बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी बोलत होते.

"पांढरं झालं होतं," ते म्हणाले. "त्या कागदावर तिची सही आहे. मी तो काढला असता तर त्यानं आधी तिला धरलं असतं. रकाना नसताना का लिहिलंस, कुणाला विचारून लिहिलंस. तिची नोकरी गेली आणि मला फोन मिळाला. असला फोन कानाला लागेल का?"

रविवारी दुपारी मी पत्रक लिहिलं. अडीच पानं. बाबांनी लिहिलं असतं तर तीन झाली असती. मास्तर दुकानात एका कोटाचं अस्तर उसवत बसले होते. देवनागरी त्यांना अडखळत वाचावी लागे, म्हणून म्हणाले, "वाच मोठ्यानं." मी उभी राहून वाचलं, जसं गिरणीच्या गेटवर वाचतात. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं आहे गं. कुणाबद्दल आहे?"

मास्तर खदखदून हसले. "कापड फार झालं, पोरी. झब्बा घोट्यापर्यंत, बाह्या गुडघ्यापर्यंत. आत माणूस आहे की नाही, बाहेरून कळत नाही." मग त्यांनी मला कापायला बसवलं. हे काढ. हेही काढ. 'भांडवलशाही' काढ, ती त्या दुकानात राहत नाही. शेवटी चार वाक्यं उरली: फोन दिला तेव्हा पट्टी पांढरी होती. आज लाल आहे. मधले आठ दिवस फोन तुमच्याकडे होता. ती लाल कशी झाली ते लिहून द्या.

ती त्यांनी स्वतःच्या हातानं कन्नडमध्ये लिहिली आणि खाली पूर्ण सही केली. त्यांची सही म्हणजे आडनावापर्यंतचं सगळं नाव, एकही अक्षर न गाळता.

सोमवारी ते पत्र मॅनेजरच्या टेबलावर गेलं. पांढरी होती हे कोण म्हणतं, असं त्यानं विचारलं. "मी म्हणतो," मास्तर म्हणाले. पुरावा काय? मास्तरांनी पत्र त्याच्याकडे आणखी थोडं सरकवलं. ठीक आहे, वरच्या ऑफिसला विचारून सांगतो, मॅनेजर म्हणाला. "विचारा. मी बसतो."

आणि ते खरंच बसले. रोज तीन वाजता जात, भिंतीकडच्या खुर्चीत बसत, पिशवीतून हातशिलाईचं काम काढत आणि पाच वाजेपर्यंत काजं करत. कुणाशी वाद नाही, घोषणा नाही. माझी पाळी सुटली की मी तिथे जाई. पहिल्या दिवशी सुरक्षारक्षकानं त्यांना हटकलं. दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतःच्या गणवेशाचं तुटलेलं बटण लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी फोन द्यायला आलेली माणसं मास्तरांना विचारू लागली, तुमचं काय झालं? मास्तर सुईत दोरा ओवत एवढंच म्हणत, "देण्याआधी त्यांना नीट बघायला लावा. काय दिसलं ते लिहून घ्या." आणि लोक काउंटरवर जाऊन तसंच म्हणू लागले. मॅनेजरचा मऊपणा दिवसादिवसानं कमी होत गेला.

चौथ्या दिवशी ती मुलगी पाणी प्यायच्या निमित्तानं त्यांच्या खुर्चीजवळ आली. मी शेजारीच होते. ती हळूच म्हणाली, "ताता, तुमच्याकडे तो कागद आहे ना? का दाखवत नाही?"

मास्तरांनी मान वर केली नाही. काज पूर्ण केलं, दोरा दातानं तोडला. "कागद माझा आहे," ते म्हणाले, "अक्षर तुझं आहे. तुझं अक्षर मी कसं वापरणार?"

ती पेला तसाच घेऊन गेली.

शनिवारी मॅनेजरनं आम्हाला केबिनमध्ये बोलावलं, खुर्च्या दिल्या, कॉफी मागवली. चेहरा प्रसन्न. "यजमान्रे, तुमचं काम झालं. वरच्यांशी बोललो. तुमच्या वयाकडे बघून, सद्भावना म्हणून, संपूर्ण बिल माफ. एक पैसा द्यायचा नाही. फोन चालू आहे. इथे सही."

मला वाटलं, जिंकलो. मी जवळजवळ टाळ्या वाजवणार होते. मास्तरांनी कागद माझ्याकडे सरकवला. "वाच."

ती ओळ तिथेच होती. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे. खाली नवीन ओळ, बिल सद्भावनेपोटी माफ.

"बेड," मास्तर म्हणाले. नको.

"काय बेड?" मॅनेजर म्हणाला. "फुकट देतोय!"

"तेच नको. चूक माझी असेल तर पूर्ण पैसे घ्या, मी आणलेत. चूक तुमची असेल तर तसं लिहा. माझी चूक आणि वर तुमची मेहेरबानी, हे कापड मला बसत नाही."

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. साडेतीन हजार वाचत होते, फोन मिळत होता, त्यांची मुलगी हुबळीहून रोज माझ्या फोनवर विचारत होती. आमच्या पत्रकांतसुद्धा आम्ही एवढंच मागतो. रद्द करा, माफ करा. माफ झालं की विजयाची सभा घेतो. माफी कुणी कुणाला द्यायची हे मी कधी विचारलं नव्हतं.

मॅनेजरचा तोल गेला. केबिनचं दार उघडंच होतं. "आठवडाभर माझ्या दुकानात ठाण मांडून बसलात! गिऱ्हाइकं भडकवलीत! आणि पट्टी पांढरी होती याला पुरावा काय तुमच्याकडे? एक तरी कागद आहे?"

मास्तरांचा हात खिशाकडे गेला नाही. गुडघ्यावर होता, तिथेच राहिला. मी त्या खिशाकडे बघत होते. चार घड्यांचा कागद शर्टाच्या पातळ कापडातून दिसत होता. तो काढला असता तर सगळं तिथेच संपलं असतं. ते गप्प बसले. खोटे ठरत असताना गप्प बसले.

दारात ती मुलगी आली. हातात फाईल होती, दुकानाची प्रत असलेली. "सार्," ती म्हणाली, "नाने बरदिद्दु." मीच लिहिलंय. "फोन घेताना मी पट्टी बघितली. पांढरी होती. हे माझं अक्षर आहे." "घेतलेले फोन त्या कोपऱ्यातल्या रॅकवर ठेवतो आपण. एसीखाली."

सगळ्यांनी तिकडे बघितलं. रॅकच्या वर एसी, आणि रॅकच्या पायाशी एक निळी बादली. आठवडाभर मास्तर तिच्यासमोर बसले होते. ती बादली एसीचं ठिबकणारं पाणी झेलायला आहे हे त्या दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मास्तरांनाही पहिल्याच दिवशी कळलं असणार. ते एक शब्द बोलले नव्हते.

मॅनेजरनं फाईलमधली नोंद वाचली. मग कीबोर्ड ओढून घेतला. "ठीक आहे. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याची चूक झाली, असं लिहितो. नियम सोडून समासात लिहिलं, फोन चुकीच्या ठिकाणी ठेवला." तिच्याकडे बघून म्हणाला, "तुझं सोमवारी बघतो."

आणि मास्तर उठून उभे राहिले. त्या दुकानात सहा दिवस ते खालच्या आवाजात बोलले होते. आता आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला.

"तिची चूक? या दुकानात काम नीट केलेलं एकच माणूस आहे, ते ही! बघितलं, लिहिलं, सही केली. आणि विचारल्यावर पुढे आली. तिच्या नावावर एक अक्षर लिहिलंत तर हा फोन इथेच ठेवून घ्या, मी सोमवारपासून दोन मशीन घेऊन येतो आणि इथेच दुकान मांडतो!"

बाहेर कुणीतरी हसलं. सुरक्षारक्षक असावा. मॅनेजरचे कान लाल झाले होते. मास्तर टेबलावर वाकले, छापील कागद उलटा केला, कोऱ्या बाजूवर बोट ठेवलं आणि एकदम मऊ आवाजात म्हणाले, "बरीरि." लिहा. "तुम्ही लिहा, तुमच्या हातानं. दुकान तुमच्या नावावर चालतं ना?"

मुलगी फाईल छातीशी धरून उभी होती. शेवटी त्या माणसानं पेन उचललं आणि लिहिलं: फोन आमच्या ताब्यात असताना त्यात पाणी गेले. ग्राहकाचा दोष नाही. दोष आमचा. सही केली, एक वेटोळं. मास्तरांनी कागद परत सरकवला. "पूर्ण नाव." त्यानं पूर्ण नाव लिहिलं. मग मुलीकडे न बघताच म्हणाला, "जा, काउंटर सांभाळ. सोमवारी नेहमीच्या वेळेला ये."

मास्तरांनी त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला, खरा, वाकून. दुकानातून बाहेर पडताना मला वाटत होतं की माझी उंची हातभर वाढली आहे. माझ्या घरात तीन पिढ्यांनी लढे दिले, पण समोरच्याच्या हातून 'दोष आमचा' असं लिहून घेतलेला माणूस मी पहिल्यांदा बघत होते, आणि तो माझा घरमालक होता, पायजम्यात, माझ्या शेजारून चालत होता.

बसथांब्यावर मी त्यांच्याकडून कागद मागून घेतला आणि माझ्या फोननं त्याचा फोटो काढला. "आता बघा," मी म्हटलं. "दुकानाचं नाव, त्याचं नाव, सगळं टाकते. आज संध्याकाळपर्यंत अख्ख्या म्हैसूरला कळेल."

"बेड."

"का? खरं आहे ना? त्यानंच लिहिलंय!"

"म्हणूनच." त्यांनी कागद घेतला, घडी घातली. "आज तो घरी जाईल. बायको विचारेल, तोंड का उतरलंय. त्याला सांगता आलं पाहिजे की चूक होती, मी लिहून दिली. अवघड असतं ते सांगणं. तुझा फोटो त्याच्या आधी घरी पोचला, तर तो काय सांगणार?"

बस आली. ते पुढच्या दारानं चढले, तिकीट घेतलं आणि वाचत बसले. मी मागच्या सीटवर बसून तो फोटो बघत राहिले. नाव अगदी स्पष्ट आलं होतं. बोगादी यायच्या आधी मी तो पुसून टाकला.

त्या माणसानं घरी सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगायला त्याच्याकडे काहीतरी होतं, एवढं माहीत आहे.